जुन्या गाडीचा पेट्रोल भरायचा पाइप गळतोय? आधी समजून घ्या, मग हात लावा

टाकी फुल्ल केली की दोन दिवस गाडीत पेट्रोलचा वास येतो, मग पाव टाकी जळली की वास आपोआप जातो आणि आपणही विसरतो. पुढच्या वेळी फुल्ल केली की परत तेच. ही तक्रार दहा-पंधरा वर्षं जुन्या गाडीवाल्यांकडून इतक्या वेळा ऐकू येते आणि तिच्याकडे इतकं दुर्लक्ष होतं की म्हटलं एकदा नीट सविस्तर लिहावं. कारण बऱ्याचदा यामागे टाकी नसते, पंपही नसतो, तर झाकणापासून टाकीपर्यंत जाणारा तो पेट्रोल भरायचा पाइप असतो, ज्याला गॅरेजमध्ये कोणी फिलर पाइप म्हणतं, कोणी फिलर नेक तर कोणी नुसतं टाकीचं नरडं. हा पाइप कुठेतरी गंजून पातळ झालेला असतो, नाहीतर त्याच्या खालचा रबरी होज तडकलेला असतो. रिपेअर होतो, फार अवघडही नाही, पण चुकीच्या पद्धतीने केला तर गाडीसकट माणूस जळू शकतो, म्हणून आधी तो काय आहे आणि कसा चालतो ते कळायला हवं.

झाकण उघडल्यावर जी वाटी दिसते, तिच्या मध्यातून एक साधारण दीड इंचाच्या आसपास जाडीचा पाइप निघतो, बहुतेक जुन्या गाड्यांत पातळ पत्र्याचा, वरून जस्ताचा किंवा तसलाच काहीतरी मुलामा दिलेला. तो मागच्या चाकाच्या वरून, मडगार्डच्या आतल्या बाजूने वळणं घेत खाली येतो आणि टाकीच्या तोंडाला थेट न जोडता मध्ये एक जाड रबरी होज असतो, दोन्हीकडे क्लॅम्प लावून आवळलेला. रबर का, तर बॉडी आणि टाकी गाडी चालताना थोडी वेगवेगळी हलतात, पाइप कडक जोडला असता तर जॉइंटला तडा गेला असता. आणि या मोठ्या पाइपाच्या बाजूने एक बारीक नळी जाते, बोटाएवढी किंवा त्याहून बारीक, तिला ब्रीदर म्हणतात. लोक हिच्याकडे बघतच नाहीत आणि अर्धे घोळ हिच्यामुळे होतात.

ब्रीदरचं काम साधं आहे. टाकीत तीस लिटर पेट्रोल आत गेलं म्हणजे तेवढीच तीस लिटर हवा, तीही पेट्रोलच्या वाफेने भरलेली, बाहेर यायला पाहिजे. ती या नळीतून वर येते. नळी चिखलाने, गंजाच्या पापुद्र्याने बंद झाली किंवा कुठे दबली की हवा अडकते, ती मोठ्या पाइपातूनच उसळून वर येते आणि पंपावरची नोझल खट्कन बंद होते.

ती नोझल बंद कशी होते हेही बघा, कारण त्यावरून आपल्याला निदान करता येतं. नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं, त्यातून एक नळी आत हॅन्डलपर्यंत जाते. पेट्रोल जोरात वाहत असताना आतल्या अरुंद जागेत ओढ तयार होते आणि त्या भोकातून हवा शोषली जाते, सगळं ठीक चालतं. पेट्रोलने किंवा फेसाने ते भोक झाकलं गेलं की हवा मिळत नाही, आत व्हॅक्युम वाढतो, एक पातळ पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. यात वीज नाही, सेन्सर नाही, निव्वळ हवेचं गणित. म्हणजे टाकी अर्धी रिकामी असूनही नोझल सारखी बंद होत असेल तर पंपावरच्या माणसावर चिडू नका, तुमच्या गाडीचा पाइप किंवा ब्रीदर कुठेतरी अडलाय.

आता हा पाइप खराब का होतो. त्याची जागाच वाईट आहे हो. मागचं चाक जे काही उडवतं, चिखल, खडी, पाणी, ते सगळं याच्यावर. चाकाच्या आत जे प्लास्टिकचं अस्तर असतं ते पाइपाला वाचवतं हे खरं, पण त्याच्या मागे जी माती जाऊन बसते ती मे महिन्यापर्यंत तिथेच राहते आणि पावसाळ्यात चार महिने ओली. कोकणात त्यात खारी हवा मिसळते. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला, तिकडे गोव्यापर्यंत किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे पाइप घाटावरच्या गाड्यांपेक्षा बरेच आधी जातात. गंज सगळीकडे सारखा लागत नाही, जिथे पाइप बॉडीला पट्टीने धरलेला असतो त्या पट्टीच्या मागे, जिथे तो रबरी बुशातून जातो तिथे आणि होजच्या क्लॅम्पखाली, म्हणजे जिथे ओल अडकून राहते आणि बाहेरून दिसत नाही नेमकं तिथे पत्रा खातो. अमेरिकेत किंवा कॅनडात बर्फाच्या भागात राहणाऱ्या आपल्या लोकांना हे आणखी लवकर भोगावं लागतं, कारण तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. जुन्या सुबारू गाड्यांचा फिलर पाइप त्या भागात यासाठीच बदनाम आहे, पाइपाला वाचवायला लावलेल्या कव्हरमध्येच मीठ आणि चिखल साठतो.

आणखी एक कारण आहे जे फार थोड्यांना माहीत असतं. झाकणाभोवतीच्या त्या वाटीला तळाशी एक छोटं भोक असतं आणि त्याला बारीक रबरी नळी, पावसाचं किंवा गाडी धुतानाचं पाणी खाली निघून जावं म्हणून. ते भोक धूळ, पानं, मुंग्यांची माती यांनी बुजतं. मग वाटीत पाणी साचतं, पाइपाचं तोंड पाण्यात बुडून राहतं आणि वरूनच गंजायला लागतं, शिवाय झाकणाचं वॉशर जुनं असेल तर तेच पाणी आत टाकीत. पावसाळ्यात गाडी अचानक झटके खायला लागली आणि फिल्टरमध्ये पाणी सापडलं तर आधी हे भोक बघा. तारेने हलकेच मोकळं करायचं, एक पैसा खर्च नाही.

रबराची गोष्ट वेगळी. होज गंजत नाही पण म्हातारा होतो, उन्हाने, इंजिनच्या नाही तर सायलेन्सरच्या उष्णतेने आणि मुख्य म्हणजे पेट्रोलमधल्या घटकांनी. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचं रबर आणि प्लास्टिक त्यासाठी तयार केलेलं आहे, त्याआधीच्या, विशेषतः २००० च्या आसपासच्या गाड्यांचं नाही. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं किंवा मग कोरडं होऊन भेगाळतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात, म्हणजे पत्र्याला आतूनही गंज. मी इथेनॉलच्या विरोधात बोलत नाहीये, फक्त जुनी गाडी असेल तर होज दर वर्षी हाताने दाबून बघायची सवय लावा एवढंच.

वास येतोय म्हणजे पाइपच गेला असं लगेच ठरवू नका. कधी येतो ते बघा. पेट्रोल भरत असतानाच मागच्या चाकाजवळ ओलं होत असेल आणि नंतर थांबत असेल तर भोक पाइपाच्या वरच्या किंवा मधल्या भागात आहे, कारण एरवी तिथपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. भरताना काही नाही पण फुल्ल टाकीने वळणावर किंवा चढावर वास येतो, तर खालचा होज किंवा त्याचा क्लॅम्प. मागच्या सीटखालून वास येतो, डिकीतून नाही, आणि तोही फुल्ल टाकीवरच, तर टाकीच्या डोक्यावर जो पंप किंवा काट्याचा फ्लोट बसवलेला असतो त्याची गॅस्केट तपासा, ही पाइपाची जुळी तक्रार आहे आणि दोन्हींची गल्लत फार होते. आणि टाकी अर्धी असतानाही खाली थेंब पडत असतील तर मग टाकी किंवा इंजिनकडे जाणारी लाइन, ते वेगळं प्रकरण, त्यात गाडी चालवूच नका.

वास अंगवळणी पडतो हे लक्षात ठेवा, थोडा वेळ बसलं की नाकाला कळेनासं होतं. म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी, जो गाडीत नव्हता, त्याला दार उघडून वास घ्यायला सांगा. आणि हे नुसतं नाक मुरडायचं कारण नाही, पेट्रोलमध्ये एक टक्क्यापर्यंत बेन्झीन असायला परवानगी आहे आणि बेन्झीनने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे. लहान मुलं मागच्या सीटवर बसतात, वासाच्या सगळ्यात जवळ, म्हणून मला या विषयाची इतकी कळकळ आहे.

आता धोक्याचं. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि पेट्रोल उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडे नागपूरच्या उन्हात काय आणि महाबळेश्वरच्या थंडीत काय, वाफ कायम तयार. हवेत साधारण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत वाफ मिसळली की ठिणगीला ती पेटते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटते, गॅरेजच्या खड्ड्यात साठते, दहा-बारा फुटांवरच्या गिझरच्या किंवा शेगडीच्या ज्योतीपर्यंत जाते. बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये हे काम अजिबात करायचं नाही, उघड्यावर, वाऱ्यात, सावलीत करायचं.

यावरूनच सगळ्यात महत्त्वाचा नियम निघतो. पाइप गाडीवर असताना वेल्डिंग नाही, गॅस नाही, ग्राइंडर नाही. कितीही अनुभवी माणूस म्हणू दे की टाकी रिकामी केलीये, ओलं फडकं लावलंय, काही होत नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण भरलेल्या टाकीत हवाच कमी असते, रिकाम्या टाकीत वाफ आणि हवा नेमक्या पेटणाऱ्या प्रमाणात मिसळलेल्या असू शकतात. टाकीच्या तळाशी चमचाभर पेट्रोल उरलं तरी पुरे. अशा स्फोटात माणसं गेलेली आहेत, हे वेल्डिंग करणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा.

आणि दुसरा नियम, गंजलेल्या पत्र्यावर ठिगळ म्हणजे रिपेअर नाही. पाण्याच्या नळाला लावतो तसली एमसील मळून भोकावर चिकटवली जाते, त्यावर काळा अंडरबॉडी पेंट मारला जातो, महिनाभर बरं वाटतं. पण भोकाच्या भोवतीचा दोन-तीन इंचाचा पत्राही आतून खाल्लेला असतो, पुट्टी त्याला पकडणार कशाला? पेट्रोलसाठी म्हणून मिळणाऱ्या टाकी रिपेअरच्या इपॉक्सी पुट्ट्या असतात, त्या चांगल्या आहेत, प्रवासात अडकलात तर घरी पोचायला जरूर वापरा, पत्रा चकचकीत घासून आणि पूर्ण कोरडा करून, टाकी पावच्या वर न भरता. तेवढंच. साध्या सिलिकॉन सीलंटचं तर नावही घेऊ नका, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे जाऊन टाकीतल्या पंपाची जाळी बुजवतात.

मग करायचं काय? पहिली पसंती नवीन पाइप. मारुती ८००, झेन, अल्टो, सँट्रो, इंडिका यांसारख्या खूप विकल्या गेलेल्या गाड्यांचे सुटे भाग अजून शोधल्यावर सापडतात, पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजूला स्पेअर पार्टवाल्यांकडे चौकशी करा आणि जाताना जुना पाइप किंवा निदान गाडीचं मॉडेल, वर्षं, चेसिस नंबर घेऊन जा. एकाच गाडीचे कार्ब्युरेटरवालं आणि इंजेक्शनवालं मॉडेल यांचे पाइप वेगळे निघू शकतात, ब्रीदरची नळी वेगळ्या ठिकाणी असते. स्क्रॅपमधून, म्हणजे कुर्ल्यासारख्या बाजारातून घेतलात तर पट्टीच्या मागची जागा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ठोकून बघा, आवाज टणक आला पाहिजे, पोकळ किंवा कुरकुरीत आला तर परत ठेवा, नाहीतर तुम्ही दुसऱ्याचा गंज विकत आणताय. घाटावरच्या कोरड्या भागातली गाडी असेल तर उत्तम.

पाइप मिळतच नसेल तर मात्र जुनाच काढून रिपेअर करायचा, आणि त्याला वेळ द्यायचा.

काढण्याआधी टाकी पावच्या खाली येईपर्यंत गाडी चालवून पेट्रोल संपवा, हा उपसण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित मार्ग. उपसावंच लागलं तर हातपंप, तोंडाने नळी ओढायची नाही, घोटभर पेट्रोल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊन दवाखान्यात दिवस काढावे लागतात. बॅटरीची मायनस वायर काढा. टाकीचं झाकण एकदा उघडून आतला दाब सोडा. गाडी समतल जागेवर, हॅन्डब्रेक, पुढच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा), मागची बाजू जॅकने उचलून खाली लोखंडी स्टँड, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. चाक काढलं आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर काढलं की पाइप समोर दिसतो. उजेडासाठी एलईडी बॅटरी, जुना पिवळा बल्ब नको, त्यावर पेट्रोलचा थेंब पडून फुटला की आग. शेजारी पावडरवालं एबीसी अग्निशामक आणि एक बादली वाळू. पाणी पेट्रोलच्या आगीवर टाकायचं नसतं, आग तरंगत पसरते.

मग वाटीतले दोन-तीन स्क्रू, मधली पट्टी, खालचे क्लॅम्प. क्लॅम्पचे स्क्रू गंजून अडकलेले असणारच, गंज सोडवायचं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. जुना होज पापडासारखा कडक झालेला असतो आणि इथे लोक स्क्रूड्रायव्हर घालून ओढाताण करतात, त्यात टाकीचं तोंड वाकतं किंवा प्लास्टिकची टाकी असेल तर चिरते, मग शंभर-दोनशेचं काम हजारोंवर जातं. होज तर नवीन घालायचाच आहे ना, मग धारदार कटरने लांबीत कापून टाका, सोलला जाईल. टाकीचं तोंड लगेच स्वच्छ फडक्याचा बोळा नाही तर रबरी बूच घालून आणि वरून प्लास्टिक बांधून बंद करा, माती आत जायला नको आणि वाफ बाहेर यायला नको. काही गाड्यांत टाकीच्या तोंडात एक झडप असते, गाडी उलटली तर पेट्रोल सांडू नये म्हणून, तिला काही घालून ढकलू नका.

पाइप बाहेर आला की तारेच्या ब्रशने घासून खरा गंज किती ते बघा. मग निर्णय घ्यायचा. खालच्या टोकाला, होजखाली जिथे बसतो तिथेच गंज असेल आणि वर पत्रा टणक असेल तर काम सोपं, तो खराब तुकडा कापून टाकायचा आणि तेवढा लांब होज घालायचा, अर्थात होजला मध्ये झोळ येणार नाही इतपतच. कापायला हाताचा हॅक्सॉ किंवा चाकाचा पाइप कटर, मग कानशीने आतून बाहेरून धार काढून टाकायची. पण लक्ष द्या, मूळ टोकाला एक उभारलेली कडी असते, तिच्यामागे क्लॅम्प बसतो म्हणून होज सटकत नाही. कापल्यावर ती कडी गेली. ती परत करायला हवी, लेथवाल्याकडून टोक फुगवून घ्या किंवा जाड तारेची गोल कडी पाइपावर ब्रेझिंगने, म्हणजे पितळी काडी वितळवून जोडून, बसवून घ्या. कडी नसलेल्या गुळगुळीत टोकावर कितीही आवळलं तरी तो होज कधीतरी सरकणार.

मधला भाग गेला असेल तर खराब तुकडा काढून त्याच मापाचा स्टीलचा पाइप घालायचा, बाहेरून घट्ट बसणारी बाही चढवून. इथे आर्क वेल्डिंग नको, पाइपाचा पत्रा एखाद मिलिमीटरचाच, गंजून त्याहूनही पातळ, भोकावर भोकं पडतात. पितळी किंवा चांदीमिश्रित काडीचं गॅस ब्रेझिंग सगळ्यात चांगलं, ते कमी उष्णतेत होतं आणि रस फटीत ओढला जाऊन गळती राहत नाही. रेडिएटर रिपेअरवाले, फ्रिज-एसीच्या नळ्या जोडणारे लोक हे रोज करतात, त्यांच्याकडे जा, अर्गॉनवाला टिग वेल्डरही चालेल. पाइप देण्याआधी साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा आतून धुवा, ब्रीदरच्या नळीतूनही पाणी काढा, दोन्ही तोंडं उघडी ठेवून एक दिवस उन्हात वाळवा, आतले रबरी, प्लास्टिकचे भाग काढून ठेवा. आणि काम करणाऱ्याला स्पष्ट सांगा की हा पेट्रोलचा पाइप आहे. हे सांगायची लाज वाटता कामा नये. जस्ताचा मुलामा असेल तर जोडाच्या जागेवरून तो आधी घासून काढायला लावा, जस्त तापलं की जो पांढरा धूर येतो त्याने माणसाला थंडी-ताप भरतो.

तोंडाजवळ पाहाल तर आत एक अरुंद भोकाची चकती आणि स्प्रिंगची पट्टी असते. शिसेविरहित पेट्रोल आपल्याकडे १९९५ साली महानगरांपासून सुरू झालं आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर सगळं पेट्रोल तसंच झालं, मधल्या काळात दोन्ही प्रकार मिळायचे तेव्हा शिसेवाली जाडी नोझल आत जाऊच नये म्हणून ही अरुंद चकती. आता तिचं ते काम संपलं असलं तरी उखडून टाकू नका, ती पट्टी उडालेलं पेट्रोल आणि वाफ अडवते.

जोड झाला की पाइप थंड होऊ द्या आणि गाडीवर चढवायच्या आधी गळती तपासा. खालचं तोंड आणि ब्रीदर रबरी बुचाने बंद करा, बाहेरून जोडावर पांढरा खडू फासा, आत पाणी भरून तासभर उभा ठेवा. खडू काळवंडला की तिथे फट. जुने वेल्डर पाण्याऐवजी रॉकेल वापरतात कारण ते पाण्यापेक्षा बारीक फटीतून निघतं, मिळालं तर तसंच करा, मग परत साबणाने धुवा आणि कोरडा करा. कॉम्प्रेसरची हवा भरून तपासायचा मोह टाळा, आणि गाडीवर बसलेल्या टाकीत तर कधीच नाही, टाकी दाबासाठी बनलेलीच नसते, फुगते किंवा फाटते. मोठ्या वर्कशॉपमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडून तपासतात ते मशीन वेगळं.

मग बाहेरून रस्ट कन्व्हर्टर, जस्ताचा प्रायमर, पेंट, आणि चाकाकडच्या बाजूला अंडरबॉडी कोटिंग. आतून काहीही लावू नका, आतला रंग सुटला की त्याचे पापुद्रे थेट पंपाच्या जाळीवर.

होज घेताना दुकानदार म्हणेल रेडिएटरचा होज एकदम बसतो, मापाला बरोबर आहे. नका घेऊ. पाण्यासाठीचं रबर पेट्रोलमध्ये फुगतं आणि काही महिन्यांत पिठासारखं होतं. निळा-लाल चमकदार सिलिकॉनचा होजही पेट्रोलसाठी नाही. पेट्रोल भरायच्या पाइपासाठीचाच होज मागा, त्यावर फ्युएल आणि एसएई जे३० (इंधनाच्या होजचं मानक) असं छापलेलं असतं, इथेनॉल चालणारा आहे का ते विचारा. वळण असेल तर कंपनीचा तयार वळणदार होज, सरळ होज जबरदस्तीने वाकवला तर तो आतून दबतो आणि नोझल परत खट्खट करते. पाइपावर निदान एक इंच आत चढला पाहिजे, क्लॅम्प कडीच्या मागे, स्टेनलेसचे, जागा असेल तिथे दोन-दोन, रबर कापलं जाईल इतके आवळू नका. चढत नसेल तर आतून इंजिन ऑइलचं बोट फिरवा, ग्रीस किंवा साबण नको. ब्रीदरचा होजही त्याच वेळी बदला, तो तसाच ठेवून कंजुषी करण्यात अर्थ नाही.

बसवताना पाइप वरून टाकीपर्यंत सतत उतरता हवा, मध्ये खोलगट भाग राहिला तर तिथे पेट्रोल साचतं. आणि वाटीतला जो स्क्रू पाइपाला बॉडीशी जोडतो किंवा जी छोटी अर्थची वायर असते ती परत लावायलाच हवी, कारण रबरी होजमुळे पाइप टाकीपासून तुटलेला असतो आणि पेट्रोल वाहताना तयार होणारी स्टॅटिक वीज बॉडीत उतरायला तोच रस्ता. स्क्रूखालचा रंग खरवडून धातूला धातू लागू द्या.

प्लास्टिकचा पाइप असलेल्या गाडीची गोष्ट छोटी आहे. तो मागून ठोकर बसून चिरतो. ते प्लास्टिक अशा जातीचं असतं की त्याला कुठलाच गोंद धरत नाही, तापवून चिकटवलेला जोडही भरवशाचा नाही, बदलायचा, विषय संपला. सीएनजी किट असेल तर गॅसच्या नळीत २०० बारच्या आसपास दाब असतो, तिला हात लावू नका, ती मध्ये येत असेल तर किटवाल्यालाच बोलवा. डिझेलची गाडी असेल तर पेटायचा धोका कमी असतो, पण वेल्डिंगचा नियम तोच.

शेवटची तपासणी टप्प्याने करा. आधी डब्यातून पाच लिटर घाला, जोडांखाली पुठ्ठा ठेवून. कोरडा राहिला तर पंपावर जाऊन अर्धी टाकी, मग फुल्ल, आणि खटका पडल्यावर वर आणखी राउंड फिगरसाठी ठासून भरायला सांगू नका, वाफेसाठी वर जी जागा सोडलेली असते ती त्याने संपते. फुल्ल टाकीवर खराब रस्त्याने थोडं फिरवा, मग उजेडात चाकामागे वाकून बघा, हाताने जोड पुसून हाताचा वास घ्या. झाकणाचं वॉशर चपटं झालं असेल तर झाकण बदला, पण तुमच्याच मॉडेलचं, कारण काही झाकणांत हवा आत घेणारी झडप असते आणि काहींत नसते, चुकीचं लावलं की टाकीत व्हॅक्युम होऊन गाडी हायवेवर दम सोडते आणि झाकण उघडलं की सूं असा लांब आवाज येतो.

नवीन रबर बसतं तसं थोडं दबतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी क्लॅम्प एकदा परत आवळा. आणि दर वर्षी गणपतीनंतर, पाऊस सरला की, मागच्या चाकाच्या आतलं अस्तर काढून साठलेली माती पाण्याच्या जोराने धुऊन काढा, वाटीचं भोक तारेने मोकळं करा. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला गाडी न्यायची असेल तर हे काम त्याच्या आधी उरकलेलं बरं, तेव्हा खालून गाडी बघणारा माणूस ओला डाग सोडणार नाही.